घरातील पुरुषांची तब्येत
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 विषय माझ्यावरच सोपवला होता. तो मी कळवला तेव्हा एका भगिनीने हसत विचारले, "अहो, मंडळ महिलांचे आणि व्याख्यान पुरुषांच्या तब्येतीवर?" शंका रास्त आहे. तिचे उत्तर मी माझ्या दवाखान्यातील अनुभवावरूनच देते. मी युनानी शाखेची पदवीधर. माझ्याकडे ज्या भगिनी येतात त्यांपैकी कित्येक जणी स्वतःसाठी आलेल्याच नसतात. "ह्यांना रात्री झोप लागत नाही, काही तरी द्या." "मामंजींचे आठ दिवस पोट साफ नाही." "मुलगा वाळत चालला आहे, विचारायला गेले तर अंगावर येतो." आजारी पुरुष घरी, आणि त्याचे गाऱ्हाणे घेऊन बाई दवाखान्यात! आपण बायका आजार अंगावर काढतो आणि पुरुष तो लपवतात. दोन्ही गोष्टी वाईटच. परंतु पहिलीवर आपल्या मंडळात पुष्कळ बोलणे झाले आहे, दुसरीवर फारसे होत नाही. म्हणून आज दुसरीविषयी.

युनानी हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणींना परके वाटत असेल. पण गंमत अशी की, आपण रोज घरात हकिमांचेच शब्द बोलतो. इलाज, दवा, सरबत, अर्क, मुरंबा, गुलकंद, मलम, जुलाब, लकवा हे सारे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इथलेच होऊन बसले. 'मिजास' हा शब्दसुद्धा त्यांच्या 'मिजाज'वरून आलेला. आपण तो नखऱ्याला लावतो, हकीम तो माणसाच्या प्रकृतीला लावतात. आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द म्हणजे 'तब्येत'. आपण "तब्येत कशी आहे?" असे विचारतो तेव्हा नुसती प्रकृतीची खुशाली विचारतो. हकिमांच्या शास्त्रात तबीयत म्हणजे शरीराच्या आत बसलेली ती शक्ती, जी जखम भरून आणते, ताप उतरवते, खाल्लेले अंगी लावते. खरा वैद्य तीच. हकीम तिचा मदतनीस. तिच्या कामात अडथळा आला असेल तो दूर करावा, तिला हवे ते पुरवावे आणि मग तिला तिचे काम करू द्यावे, एवढेच हकिमाचे काम. माझ्या आजच्या बोलण्याचे सारही हेच आहे. पुरुषाची तब्येत शीशीतून येत नाही; ती जन्मभराच्या राहणीतून येते, आणि ती बिघडत असेल तर लपवल्याने सुधारत नाही.

या शास्त्राचा इतिहास थोडक्यात सांगते. ग्रीस देशाला अरबी-फारसीत युनान म्हणतात. तेथील हिपोक्रेटिस, म्हणजे हकिमांचा बुकरात, आणि पुढे जालीनूस यांच्या ग्रंथांवर अरब व इराणी पंडितांनी आपल्या अनुभवाची भर घातली. इ. स. ९८० ते १०३७ या काळात होऊन गेलेल्या इब्न सीना यांचा 'अल्-कानून' हा पाच भागांचा ग्रंथ या शास्त्राचा मुख्य आधार मानला जातो. हे शास्त्र हिंदुस्थानात आले ते वैद्यांशी वैर धरून नव्हे. आपली त्रिफळा घेऊन हकिमांनी तिचे 'इत्रीफल' केले. अहमदनगरला वाढलेला आणि पुढे विजापूरच्या दरबारी गेलेला फिरिश्ता आपल्याला इतिहासकार म्हणून ठाऊक असतो. परंतु त्यानेच भारतीय वैद्यकावर 'दस्तूर-उल्-अतिब्बा' हा फारसी ग्रंथ लिहिला. अलीकडच्या काळात दिल्लीच्या हकीम अजमल खान यांनी स्त्रियांना वैद्यक शिकवण्यासाठी १९०९ मध्ये शाळा काढली. आयुर्वेद आणि युनानी एका छपराखाली शिकवणारे त्यांचे तिब्बिया कॉलेज १९२१ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते सुरू झाले. त्याच वर्षी ते राष्ट्रसभेचे अध्यक्षही होते. आज आपल्या राज्यात मुंबई, पुणे, मालेगाव येथे युनानी महाविद्यालये आहेत.

आता शास्त्राकडे वळू. रक्त, कफ, पित्त आणि सौदा, म्हणजे काळे पित्त, असे चार रस शरीरात असतात आणि त्यांच्या कमीजास्त प्रमाणावरून माणसाचा मिजाज ठरतो, असे जुने हकीम मानीत. प्रयोगशाळेत हे चार रस मोजून दाखवता येत नाहीत, हे मी आपल्याला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु याच शास्त्राने आरोग्य टिकवण्यासाठी ज्या सहा गोष्टी सांभाळायला सांगितल्या, त्या आजही कसाला उतरतात. ऐका. पहिली हवा. दुसरी खाणेपिणे. तिसरी शरीराची हालचाल आणि विश्रांती. चौथी मनाची हालचाल आणि विश्रांती. पाचवी झोप आणि जागरण. आणि सहावी, शरीरात राखायचे ते राखणे आणि टाकायचे ते टाकणे. यांना 'अस्बाब-ए-सित्ता जरूरिया', म्हणजे सहा आवश्यक कारणे, असे नाव आहे. घरात कोणी कुरकुर करू लागले की, हकिमाकडे जाण्यापूर्वी ही सहा बोटे मोजावीत. निम्म्या तक्रारींचे मूळ तेथेच सापडते.

या शास्त्राने आयुष्याचे चार टप्पेही पाडले आहेत. सुमारे तिशीपर्यंत वाढीचे वय, पस्तीस-चाळीसपर्यंत भर तारुण्य, साठीपर्यंत प्रौढपण आणि पुढे वार्धक्य. वाढत्या वयात शरीर उष्ण आणि ओलसर, तारुण्यात उष्ण व कोरडे, आणि पुढे हळूहळू थंड व कोरडे होत जाते, असा त्यांचा सिद्धान्त. तात्पर्य एवढेच की, विशीच्या मुलाला जे ताट मानवते ते साठीच्या वडिलांना मानवत नाही, आणि मुलाने बापाची वा बापाने मुलाची बरोबरी करू नये. या टप्प्यांनी आपण पुढे जाऊ.

वाढत्या वयाच्या मुलाला औषध मुळीच लागत नाही. त्याला लागते मैदान, पोटभर साधे अन्न आणि झोप. इब्न सीनांनी आरोग्यरक्षणात पहिला मान व्यायामाला दिला, दुसरा आहाराला आणि तिसरा झोपेला. भरल्या पोटी व्यायाम करू नये, हाही त्यांचा नियम. आज आपली मुले मैदान सोडून हातातील फोनवर खेळतात आणि मध्यरात्र उलटल्यावर निजतात. म्हणजे पहिला आणि तिसरा दोन्ही मान गेले, उरला फक्त आहार, आणि तोही बाहेरच्या तळलेल्या पदार्थांचा! अशा मुलासाठी आई 'ताकदीचे औषध' मागायला येते तेव्हा मी तिला विचारते, "दहा वाजता दिवा मालवतो का?"

याच वयातील एका गोष्टीविषयी आपल्याकडे कोणी बोलत नाही, आणि त्याचा फायदा भलतेच लोक घेतात. मुलगा वयात येतो तेव्हा झोपेत वीर्यपात होणे हा निसर्गाचा क्रम आहे. पण मुलाला कोणी समजावून सांगत नाही. तो घाबरतो, आपली शक्ती वाहून चालली आहे असे त्याला वाटते. अन्न गोड लागत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही. या भीतीने ग्रासलेल्या तरुणांचा अभ्यास करून मानसरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये या दुखण्याला 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. आमच्या जुन्या ग्रंथांत 'जिरयान' नावाचा रोग सांगितला आहे, आणि त्या नावाचा धाक या भीतीला पोसत आला, हेही मी मान्य करते. आजचे ज्ञान स्पष्ट आहे. याने शरीराची शक्ती जात नाही.

माझ्याकडे एक आई आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. रस्त्याच्या कडेला तंबू ठोकून बसलेल्या एका तथाकथित हकिमाने त्याला पुड्या दिल्या होत्या, आणि परीक्षेच्या फीचे पैसे त्या पुड्यांत गेले होते. मी तपासले, तर मुलगा धडधाकट. त्याला औषध नव्हे, समजूत हवी होती. भिंतीवर चुन्याने आणि आगगाडीच्या रुळांशेजारी मोठ्या अक्षरांत ज्या जाहिराती रंगवलेल्या असतात, त्यांना युनानी समजू नका. पुरुषशक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. जो कायदा मोडून औषध विकतो, तो पुडीत काय घालील याचा भरवसा कोणी द्यावा?

आणखी एक गोष्ट मुलांच्या आयांनी पदराशी बांधून ठेवावी. मुलाच्या अंडकोशात एकाएकी जोराची कळ आली, सूज आली, उलटी झाली, तर शेक-लेप करीत बसू नये. आत पीळ पडलेला असू शकतो, आणि साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तरच तो अवयव बहुधा वाचतो. मुले लाजेने सकाळपर्यंत कळ सोसतात आणि तेवढ्यात वेळ निघून जाते. "कुठेही दुखले तरी रात्रीसुद्धा मला उठव," एवढे वाक्य मुलाला आधीच सांगून ठेवावे.

आता भर तारुण्य, म्हणजे संसाराची सुरुवात. लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही की घरात काय सुरू होते, ते मी आपल्याला सांगायला नको. सुनेला या दवाखान्यातून त्या दवाखान्यात नेतात, उपास करवतात, अंगारे लावतात. मुलाला तपासावे हे मात्र कोणाच्या मनात येत नाही. आले तरी जिभेवर येत नाही. भगिनींनो, हजार वर्षांपूर्वी इब्न सीनांनी लिहून ठेवले आहे की, मूल न होण्याचे कारण स्त्रीत असू शकते तसे पुरुषातही असू शकते. आजचे शास्त्र सांगते की, अशा सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचे कारणही असते. पुरुषाची तपासणी तर किती सोपी! वीर्याचा एक नमुना द्यायचा, ना चिरफाड ना वेदना. म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे: तपासणी दोघांची, आणि एकाच वेळी. सुनेला एकटीला रांगेत उभी करू नका.

पुरुषात दोष निघाला तर घाबरण्याचे कारण नाही. तंबाखू, विडी-सिगारेट आणि दारू सोडणे हा पहिला इलाज. सतत उष्णतेजवळ काम, भट्टीपुढे किंवा गरम इंजिनाजवळ बसणे, यानेही वीर्यावर परिणाम होतो. आमच्याकडे असगंध, मुसळी, सालम यांचे माजून देण्याची चाल आहे. परंतु शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. तेव्हा आठवड्यात गुण देण्याची हमी कोणी दिली तर तो माणूस खोटे बोलतो आहे असे खुशाल समजा. आणि काही कारणे अशी असतात की तेथे औषध नव्हे, शस्त्रक्रिया किंवा आधुनिक उपचारच लागतात.

तिसरा टप्पा प्रौढपणाचा. घराचे हप्ते, मुलांची शिक्षणे, कचेरीतील किंवा दुकानातील काळज्या या वयात एकदम येतात. सहा गोष्टींतील चौथी, म्हणजे मनाची विश्रांती, हिची पहिली गळचेपी होते. पुरुष रडत नाही, बोलत नाही. तो चिडतो, जेवण टाकून उठतो, किंवा पेला जवळ करतो. राग हे दुःखाचेच एक रूप आहे हे हकिमांना ठाऊक होते. म्हणूनच भीती, क्रोध आणि शोक यांचा विचार ते जेवणखाणाइतक्याच गांभीर्याने करीत. घरचा माणूस महिनेच्या महिने गप्प गप्प असेल, "मी नसतो तर बरे" अशी भाषा बोलू लागला, तर त्याला सोडून चालणार नाही. हा स्वभाव नव्हे, आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत.

या वयात वैवाहिक जीवनात दुर्बलता जाणवू लागली तर पुरुष ती जिवापाड लपवतो आणि गुपचूप पुड्या आणतो. येथे आमच्या शास्त्राचे म्हणणे फार विचार करण्यासारखे आहे. हृदय, मेंदू आणि यकृत हे शरीराचे राजअवयव. त्यांतील एखादा थकला म्हणजे ही दुर्बलता येते, म्हणून इलाज मुळाचा करावा, असे हकीम सांगतात. आजचे डॉक्टरही दुसऱ्या शब्दांत तेच सांगतात. ही दुर्बलता पुष्कळदा मधुमेहाची किंवा रक्तवाहिन्या अरुंद होत चालल्याची पहिली खूण असते, आणि हृदयविकार दिसण्यापूर्वी काही वर्षे ती दिसू शकते. म्हणजे ज्या खुणेमुळे माणूस वेळेवर सावध व्हावा, तीच तो लाजेने झाकतो! शिवाय गुपचूप मिळणाऱ्या 'वनस्पती'च्या पुड्यांत पुष्कळदा आधुनिक औषधांची भेसळ आढळली आहे. हृदयविकारासाठी जिभेखाली ठेवण्याची गोळी घेणाऱ्याने अशी पुडी घेतली तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. पत्नीने हा विषय टोमणा म्हणून काढू नये. "चला, दोघे मिळून साखर आणि रक्तदाब तपासून येऊ," असे म्हणावे.

रक्तदाबावरून आठवले. सर्पगंधा हकिमांना 'असरोल' या नावाने परिचित आहे. हकीम अजमल खान यांच्या प्रेरणेने रसायनशास्त्रज्ञ सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी तिच्या मुळांतील द्रव्ये वेगळी काढली आणि एकाला 'अजमलीन' असे आपल्या गुरुतुल्य हकिमांचे नाव दिले. पुढे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवर सर्पगंधेचा अभ्यास करून १९४९ मध्ये तो इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि साऱ्या जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. पण याच मुळीने मन खचते, खिन्नता येते, असेही दिसून आले. म्हणून वनस्पती आहे म्हणजे निरुपद्रवी आहे, असे कधी समजू नये. जिच्यात गुण करण्याची ताकद आहे तिच्यात अपाय करण्याचीही असते.

दुसरे उदाहरण सांध्यांच्या दुखण्याचे. पायाचा अंगठा रात्रीतून लाल होऊन सुजतो, पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही, त्याला हकीम 'निक्रिस' म्हणतात. हे दुखणे मुख्यतः पुरुषांचे. स्त्रियांना ते पाळी जाण्यापूर्वी सहसा होत नाही, हे बुकरातानेच नोंदवून ठेवले आहे. यावर हकीम 'सूरंजान' देतात, आणि आधुनिक डॉक्टरांचे कोल्चिसीन हे औषध त्याच जातीच्या वनस्पतीपासून मिळते. मात्रा थोडी चुकली तरी ते विष आहे. तेव्हा शेजाऱ्याला गुण आला म्हणून आपल्या घरच्यांना देणे नको.

चौथा टप्पा वार्धक्याचा. येथे युनानी राहणीचा खरा उपयोग होतो. म्हाताऱ्या माणसाला एकदम भरपेट न वाढता थोडे थोडे, दोन-तीन वेळा, ऊन आणि मऊ असे वाढावे. दूध पचत असेल तर द्यावे. रात्री भिजवलेले अंजीर आणि मनुका सकाळी द्यावेत. पोट साफ राहते. इसबगोल घ्यायचा तर भरपूर पाण्याबरोबर. हातापायांना कोमट तेलाचे हलके मर्दन करावे. सकाळच्या उन्हात सावकाश चालावे. जेवणानंतर बडीशेप, ओवा, जिरे ही तर आपल्या डब्यातलीच औषधे आहेत.

परंतु या वयातील मुख्य अडचण सहाव्या गोष्टीची, टाकण्याची. पुरुषांच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. ती वयाबरोबर वाढते आणि लघवीची वाट अरुंद करते. रात्री तीन-चार वेळा उठावे लागते, धार बारीक होते, उभे राहून वाट पाहावी लागते. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांनी लग्नकार्याला जाणे सोडले, एस. टी.चा प्रवास सोडला आणि शेवटी पाणी पिणेच कमी केले. घरच्यांना वाटले, म्हातारपणामुळे माणूस एकलकोंडा झाला. एका रात्री लघवी पूर्ण बंद झाली. पोट फुगले, वेदनांनी ते तळमळू लागले, आणि इस्पितळात नळी घालून मोकळे करावे लागले. मग त्यांनी सांगितले की हा त्रास दोन वर्षांपासून होता! दोन वर्षे एका घरात राहून कोणाला ठाऊक नाही.

यासाठी हकीम गोखरू, खरबुजाच्या बिया, कासनी यांचे सरबत देतात. त्याने लघवी वाढते. पण वाटच अडली असेल तर लघवी वाढवून उपयोग काय? उलट कोंडी वाढते. म्हणून आधी तपासणी, मग सरबत. सर्दीच्या काही गोळ्यांनीही अशी कोंडी होते. वृद्धांना त्या विचारल्याशिवाय देऊ नयेत. आणि लघवीत रक्त दिसले तर एक दिवसही थांबू नये, मग ते दुखत असो वा नसो.

औषध घ्यायचेच झाले तर चार गोष्टी पाहाव्यात. एक, वैद्य पदवीधर आणि सरकारी नोंदणी झालेला असावा. युनानीचा अभ्यासक्रम उमेदवारीचे वर्ष धरून साडेपाच वर्षांचा आहे, आणि नोंदणीचा क्रमांक विचारण्यात काही वावगे नाही. दोन, शीशीवर 'युनानी औषध' असे, परवान्याचा क्रमांक, घटकांची नावे आणि तारीख छापलेली असावी. तीन, 'कुश्ता' म्हणजे धातूची भस्मे; ती स्वतःच्या मनाने कधी घेऊ नयेत. चार, माजून, खमीरा, जवारिश, इत्रीफल ही बहुतेक औषधे साखरेच्या किंवा मधाच्या पाकात केलेली असतात. मधुमेही माणूस चहातली साखर सोडतो आणि रोज सकाळी चमचाभर खमीरा चाटतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्याने वैद्याला तसे सांगून दुसरे औषध घ्यावे. आणि डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. दोघांनाही दोन्ही औषधे दाखवावीत.

काही वेळा मात्र हकिमाचे दार ठोठावूच नये, सरळ इस्पितळ गाठावे. छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब, घाम, हात किंवा जबडा दुखणे. तोंड एकीकडे वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे. लकव्याच्या झटक्यात रक्ताची गाठ विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते. ते तास अंगारा शोधण्यात किंवा तेल चोळण्यात घालवू नयेत.

एवढे सांगितल्यावर एखादी म्हणेल, "म्हणजे घरातल्या सगळ्या पुरुषांची तब्येत सांभाळण्याचे ओझेही पुन्हा आमच्याच डोक्यावर!" नाही, भगिनींनो, मला तसे सांगायचे नाही. आपल्या शरीराची काळजी ज्याची त्याने घ्यावी, हे मुलांना लहानपणीच शिकवावे. स्वतःचे ताट उचलावे तसे स्वतःचे दुखणेही स्वतः सांगावे. आपण एवढेच करायचे की, घरात तसे बोलण्याला हसू नये, लाज वाटू देऊ नये, आणि "पुरुषासारखा पुरुष, एवढ्याशा दुखण्याला काय घाबरतोस!" हे वाक्य आपल्या बोलण्यातून काढून टाकावे. त्या एका वाक्याने किती दुखणी आत दडपली आहेत!

शेवटी मंडळाला एक सूचना करते. पुढील वर्षाच्या कार्यक्रमांत एक रविवार असा ठेवावा की, त्या दिवशी प्रत्येक सभासदाने आपल्या घरातील एका तरी पुरुषाला येथे आणावे. रक्तदाब आणि साखर तपासावी, वजन करावे, कमरेचा घेर मोजावा, आणि पन्नाशीपुढील प्रत्येकाला लघवीची तक्रार विचारावी. विचारणारा पुरुष असेल तर ते अधिक मोकळेपणाने बोलतील. तशी व्यवस्था मी करून देईन. हळदीकुंकवाला आपण एकमेकींना वाण देतो. तो रविवार हे या मंडळाने शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिलेले वाण ठरेल.